जीप सेल्फ घेते, पण सुरू होत नाही? पंप उतरवण्याआधी एवढं तपासा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जुनी डिझेल जीप सांभाळणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "गाडी सुरू होत नाही, मेकॅनिक म्हणतो पंप गेला. उतरवू द्यावा का?" आमचं उत्तर ठाम आहे. आधी सिद्ध करायला सांगा, मगच पाना लावू द्या. डिझेल इंजिनात पंप हा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भागांपैकी एक असतो. चांगला पंप विनाकारण उघडला, तर तो पहिल्यासारखा बसेलच याची खात्री नसते.

हा लेख महिंद्रच्या एमएम ५४०, कमांडर, मेजर, क्लासिक, आर्मडा, सुरुवातीच्या बोलेरो आणि डीआय इंजिनाची थार यांसारख्या गाड्यांसाठी आहे. या घराण्याची पहिली जीप आपल्याच शेजारी, माझगावात जोडली गेली. पुढे त्यातल्या कित्येक गाड्यांना लागलेलं २,११२ सीसीचं प्यूजो इंजिन इगतपुरीत बनत होतं. म्हणजे ही यंत्रं आपल्या भागाला अनोळखी नाहीत, आणि ती ओळखणारे हातही अजून आहेत.

निदान करताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा. मुंबईतल्या जुन्या जीपला जितकं चालणं मारत नाही, तितकं उभं राहणं मारतं. आठवडाभर गाडी चाळीसमोर किंवा गल्लीच्या तोंडाशी उभी, मग गणपतीला किंवा शिमग्याला एकदम कोकण. उभ्या गाडीत रबर सुकतं, अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने गंजते, टाकीत दमट हवेचं पाणी होतं, बॅटरी बसते. पंप झिजतो तो धावून. त्यामुळे महिन्याला दोनशे किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीचा पंप अचानक "गेला" असं कोणी सांगितलं, तर शंका घ्यायला तुमच्याकडे सबळ कारण आहे.

कोणता पंप, ते आधी विचारा

या इंजिनांवर पंप दोन असतात आणि बोलण्यात दोन्हींना नुसतं "पंप" म्हणतात. अर्धा गोंधळ इथेच होतो.

- फीड पंप: टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे देणारा छोटा पंप. बहुतेक गाड्यांत याच्यावर किंवा फिल्टरच्या डोक्यावर हाताने मारायचा प्रायमर असतो. हा स्वस्त असतो आणि बदलायला सोपा.
- इंजेक्शन पंप: गॅरेजच्या भाषेत एफआयपी किंवा "मायकोचा पंप". मायको ही कंपनी १९५१ साली सुरू झाली. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे. हा पंप डिझेलला शंभर बारच्या पुढे दाब देऊन नोझलकडे पाठवतो.

इंजेक्शन पंपाचेही दोन प्रकार. चार पाइप एका ओळीत वरून निघत असतील तर तो इनलाइन. चारही पाइप मागच्या बाजूच्या गोल डोक्यातून फुलासारखे बाहेर पडत असतील तर रोटरी. बॉनेट उघडून एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्यात त्याचा उपयोग होतो, कारण इनलाइन बराच रांगडा असतो, तर रोटरी पंप पाणी आणि कचरा अजिबात सहन करत नाही.

पहिली पाच मिनिटं: कान सेल्फकडे, डोळे सायलेन्सरकडे

कुठलाही पाना हातात घेण्याआधी एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सायलेन्सरचं तोंड पाहावं. एवढ्यावरून कामाची दिशा ठरते.

१. सेल्फ हळू फिरतो, किंवा नुसतं "कट" वाजतं: डिझेलचा विचार बाजूला ठेवा. दोष बॅटरी, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये आहे.
२. सेल्फ जोरात फिरतो, पण मागून धुराची रेघही नाही: नोझलपर्यंत डिझेल पोहोचत नाही. हवा धरली आहे, स्टॉपचा दोष आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा फीड पंप मेला आहे. इंजेक्शन पंपाचं नाव या यादीत सगळ्यात शेवटी येतं.
३. सेल्फ जोरात, मागून पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा: डिझेल पोहोचतंय, पण पेटत नाही. हीटर प्लग, टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा.
४. काळा धूर येतो आणि इंजिन धरत नाही: हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढून बघा. गल्लीत उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चिंध्या आणि कागद भरून ठेवल्याची उदाहरणं आहेत.

मेकॅनिकला फोन करताना "गाडी सुरू होत नाही" एवढंच न सांगता या चारांपैकी काय होतंय ते सांगा. समोरचा माणूस जाणता असेल तर त्याचा पुढचा प्रश्नच बदलतो.

सेल्फ, बॅटरी आणि अर्थिंग

डिझेल इंजिन ठिणगीवर पेटत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. ती उष्णता तयार व्हायला इंजिन मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे फिरावं लागतं. सेल्फ त्याहून संथ फिरत असेल, तर नवा कोरा पंप लावूनही गाडी पेटणार नाही.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा. तरीही घसरला तर बॅटरी संपली आहे.

बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ मंद, तर अर्थिंग बघा. गिरगाव चौपाटीच्या बाजूच्या गाड्यांत हा दोष इतका दिसतो, की आम्ही तो सगळ्यात आधी तपासायला सांगू. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध फक्त एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने येतो. ती पट्टी वरून बरी दिसते, पण बोल्टखाली हिरवी-पांढरी भुकटी झालेली असते. मग सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या किंवा स्टॉपच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर दोष सापडला असं समजा. खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ एकदम चपळ झाला, तर पट्टी बदला, दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासा आणि वर ग्रीस लावा.

एवढं करूनही सेल्फ मंदच असेल तर तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइडचे टोक आणि बेंडिक्स यांची दुरुस्ती होते. अख्खा नवा सेल्फ घेण्याची वेळ क्वचित येते.

धूर नाही? आधी स्टॉप बघा

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तरी बहुतेक जण ती विसरतात.

जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला डॅशबोर्डवर ओढायची स्टॉपची नॉब असते. खाऱ्या हवेत तिची केबल आतून गंजते. नॉब आत गेलेली दिसते, पण पंपावरचा छोटा दांडा अर्ध्यातच अडकतो आणि डिझेल बंदच राहतं. बॉनेट उघडून तो दांडा हाताने चालूच्या बाजूला पूर्ण ढकला आणि सेल्फ मारा.

चावीने बंद होणाऱ्या रोटरी पंपाच्या गाड्यांत पंपाच्या मागच्या बाजूला, पाइपांजवळ, एक छोटा विजेवरचा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की "टिक" असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर त्याची वायर काढून चावी ऑनवर ठेवा आणि वायरीत १२ व्होल्ट आहेत का ते मोजा. नसतील तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा वायरिंग बघा. असतील आणि तरी टिक नसेल, तर सोलेनॉइड गेला. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज लावलेली वायर सोलेनॉइडवर आणून लगेच खात्री करता येते.

काही ठिकाणी सोलेनॉइड खोलून आतली पिन आणि स्प्रिंग काढून टाकतात. गाडी सुरू होते, पण मग चावीने बंद होत नाही. ती गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडावी लागते. आडरानात अडकला असाल तर घरी यायला हा उपाय ठीक आहे. मुंबईच्या गर्दीत अशी गाडी फिरवू नका, कारण इंजिन बेलगाम वेग घेऊ लागलं तर ते थांबवायचा हमखास मार्ग तुमच्याकडे उरत नाही.

गाडीने हवा धरली आहे का?

उभ्या गाडीचा हा सर्वांत नेहमीचा आजार. लक्षणं ठरलेली: सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा सुरू झाली की दिवसभर काही तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते.

परीक्षा सोपी आहे. सकाळी सेल्फला हात लावण्याआधी प्रायमर वीस-तीस वेळा मारा, तो कडक लागेपर्यंत. मग सेल्फ मारा. गाडी झटक्यात सुरू झाली तर इंजेक्शन पंप निर्दोष आहे. दोष टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत आहे.

इथे वाचकांचा एक प्रश्न नेहमी येतो: "पण कुठेच डिझेल गळताना दिसत नाही." टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग नाही, याचा अर्थ जोड घट्ट आहे असा होत नाही. या जागा हाताने चाचपा:

- रबरी पाइपचा क्लिपखालचा भाग. क्लिप सैल करून पाइप थोडा वाकवा. आत बारीक तडे दिसले तर पाइप बदला, क्लिप आवळत बसू नका.
- फिल्टरच्या बाउलचं रबर. फिल्टर बदलताना जुनंच रबर परत लावलेलं असतं.
- बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर. एकदा दाबले गेलेले वॉशर पुन्हा नीट बसत नाहीत. दर वेळी नवे लावा.
- प्रायमरचा स्वतःचा डायफ्राम आणि फीड पंपाचे व्हॉल्व्ह.
- टाकीतून वर येणारी धातूची नळी. गंजाने तिला पिनएवढं भोक पडतं. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की गाडी त्रास देते आणि भरलेली असताना नाही, असं असेल तर हीच नळी बघा.

नेमकी जागा सापडत नसेल तर पंपाआधीचा रबरी पाइप काढून तेवढ्यापुरता पारदर्शक पाइप लावा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसतात. मग एकेक जोड मागे जात तपासा. हा पाइप कायम ठेवू नका. इंजिनच्या उष्णतेने तो मऊ पडतो.

रबर सुकण्यामागे आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखात जास्तीत जास्त १० भाग असतं. जुन्या डिझेलवर वर्षानुवर्षं फुगून बसलेली रबरं या डिझेलमध्ये आकसतात आणि जुने जोड झिरपू लागतात. उपाय म्हणजे सगळे सील आणि पाइप एकदाच नव्याने बदलणं. टाकीत टू-टी ऑइल ओतून आकसलेलं रबर पूर्ववत होत नाही.

हवा काढायची रीत

१. टाकीत किमान दहा लिटर डिझेल असू द्या. झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे, ते साफ करा. दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीचा दोष पुष्कळदा एवढाच असतो.
२. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या भांड्यात थोडं डिझेल काढा. तळाशी पाण्याचा थर किंवा काळा बुळबुळीत गाळ दिसला तर थांबा. टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, मगच पुढे जा.
३. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा, प्रायमर मारा. फेसाऐवजी सलग डिझेल येऊ लागलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा.
४. पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या बोल्टवर हेच करा.
५. शेवटी चारही नोझलचे नट अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल आलं की एकेक आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये त्याला अर्धा मिनिट थंड होऊ द्या.

नोझलच्या पाइपजवळ तोंड किंवा हात नेऊ नका. दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतला भाग सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

बाटलीची परीक्षा: ही झाल्याशिवाय पंप उतरवू देऊ नका

हवा काढूनही गाडी पेटत नाही आणि समोरचा मेकॅनिक पंपावरच बोट ठेवून आहे, अशा वेळी निर्णय देणारी परीक्षा ही आहे.

दोन-तीन लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात नवं गाळलेलं डिझेल भरा आणि सलाइनसारखा बॉनेटच्या उंचीवर टांगा. त्यातून एक पाइप थेट इंजेक्शन पंपाच्या तोंडाला जोडा. म्हणजे टाकी, लाइन, फीड पंप आणि फिल्टर हे चौघेही खेळातून बाहेर गेले. परतीचा पाइप त्याच कॅनमध्ये सोडा. हवा काढा, स्टॉपचा दांडा किंवा सोलेनॉइड चालू आहे याची खात्री करा आणि सेल्फ मारा. कॅन सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब असू द्या.

गाडी सुरू होऊन पाच-दहा मिनिटं एकसारखी चालली, तर इंजेक्शन पंप ठीक आहे. कॅनने ज्यांना बाजूला ठेवलं त्या चौघांपैकी एक दोषी आहे आणि त्यांचा खर्च पंपाच्या कामापुढे किरकोळ आहे.

गाडी तरीही सुरू झाली नाही, तर नोझलकडचा एक नट सैल करून सेल्फ मारून बघा. प्रत्येक फेऱ्याला डिझेलचा ठेका येत असेल तर पंप काम करतोय, पुढे नोझल आणि इंजिनकडे वळा. सेल्फ जोरात, स्टॉप उघडा, हवा नाही, आणि तरी चारही नट कोरडे, तेव्हा पंप उतरवायला हरकत नाही.

पांढरा धूर आणि हीटर प्लग

प्यूजो इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, म्हणून त्याला हीटर प्लग लागतात. डीआय इंजिनात ते थेट पिस्टनवर फवारलं जातं, तिथे सहसा ही गरज नसते. मुंबईत थंडी ती कितीशी! त्यामुळे चारांपैकी दोन प्लग गेले तरी गाडी कशीबशी सुरू होत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. मग डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी ती पेटत नाही आणि पंपाला दोष जातो.

तपासायला प्लगांना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावून दुसरं प्रत्येक प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा पेटला नाही, तो प्लग मेला. चारही एकदमच बदला.

प्लग चांगले आणि तरी पांढरा धूर, तर नोझल काढून पंपवाल्याकडे फवारा तपासून घ्या. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजायला सांगा. हवेच्या तोंडात इथरचा स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा धरून गाडी सुरू करायला कोणालाही परवानगी देऊ नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो भडका अवेळी उडतो आणि पिस्टन फुटू शकतो.

गार सुरू, गरम बंद

सकाळी सुरेख सुरू होणारी, पण पनवेलला चहाला थांबल्यावर पुन्हा न पेटणारी जीप असेल, तर आता पंपावर संशय घेणं रास्त आहे. रोटरी पंपाचं हेड झिजलं की तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आतच निसटतं आणि दाब तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. तेवढ्याने गाडी सुरू झाली, तर झीज जवळपास निश्चित आहे. मात्र त्याआधी गरम अवस्थेत सेल्फ मंद होत नाही ना, ते बघून घ्या. तापलेला थकलेला सेल्फही हेच लक्षण देतो.

पंप खरंच उतरवायचा ठरला तर

- काम फक्त टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे द्या. फुटपाथवर सील बदलून मिळतो, डिझेलचं माप जुळवून मिळत नाही.
- उतरवण्याआधी पंप आणि इंजिन यांच्या जोडावर रेघेची खूण करायला सांगा आणि फोटो घ्या. परत बसवताना टायमिंग पुन्हा तपासून घ्या.
- दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे बेंचचे आकडे लेखी मागा. जो देत नाही, त्याला काम देऊ नका.
- चारही नोझल सोबत द्या. नवा पंप आणि जुने ठिबकणारे नोझल ही जोडी टिकत नाही.
- "थोडं डिझेल वाढवून देतो, पिकअप येईल" याला नकार द्या. धूर वाढेल आणि पीयूसी अडकेल. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे.

ऑपेरा हाऊसच्या बाजारात सील, वॉशर, पाइप, फीड पंप मिळतात. जुना भाग पिशवीत घालून घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा. "जीपचा द्या" एवढ्यावर मिळालेला भाग बऱ्याचदा दुसऱ्याच इंजिनाचा निघतो.

कोणी पंपाऐवजी दुसरं इंजिनच बसवून द्यायचा प्रस्ताव मांडला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी विचारात घ्या. नोंदणीशी न जुळणारं इंजिन बसवलं, तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला ताडदेवच्या आरटीओत गाडी अडेल आणि अपघातात विम्याचा दावाही. हे नूतनीकरण पाच पाच वर्षांचं असतं आणि अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. सुरू व्हायला त्रास देणारी गाडी तपासणीला नेऊ नका.

दोन वेगळ्या गोष्टी

पाण्यात बुडलेली गाडी. हिंदमाता किंवा परळच्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, धक्काही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, गाडी ओढून न्या, नोझल काढून इंजिन हाताने फिरवा. टाकी आणि फिल्टरमधलं पाणी काढल्याशिवाय डिझेल पंपापर्यंत जाऊ देऊ नका.

सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल गाड्या. यांत दाब हजार बारच्याही वर जातो. नोझलचा नट सैल करणं किंवा बाटलीची परीक्षा इथे चालत नाही. आधी स्कॅनर लावा.

बंद गाडी रस्त्यावर उभी असेल तर

कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी हटवायला लावू शकतो. महापालिकाही धूळ साचलेल्या, टायर बसलेल्या गाड्यांवर नोटीस चिकटवून त्या उचलते. दुरुस्ती लांबणार असेल तर गाडी झाकून ठेवा, पण नंबर प्लेट दिसू द्या. टायरमध्ये हवा भरलेली असू द्या, नोटीस दिसताच तिच्यावरची मुदत वाचून विभाग कार्यालयात लेखी उत्तर द्या. रस्त्यावर हवा काढताना सांडलेल्या डिझेलवर लगेच माती किंवा लाकडाचा भुसा टाका. त्यावरून घसरणारा दुचाकीवाला आपल्याच गल्लीतला असतो.

गॅरेजशी व्यवहार: तुमचे हक्क

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक मागा, व्हॉट्सअॅपवर असलं तरी चालेल. त्यात "पंप उघडण्याआधी फोन करावा" हे वाक्य लिहून घ्या. बदललेले जुने भाग तुमच्या मालकीचे आहेत, ते परत घ्या. बिल पक्कं घ्या आणि त्यावर कामाची हमी किती दिवसांची ते लिहून घ्या.

पैशांवरून वाद झाला तर गॅरेज गाडी अडवू शकतं का? करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, सांगितलेलं काम पूर्ण केलं असेल तर त्या कामाच्या मोबदल्यापुरती गाडी ठेवून घेण्याचा हक्क गॅरेजला आहे. तुम्ही न सांगितलेल्या कामासाठी हा हक्क सहज सांगता येत नाही, म्हणून तर लेखी अंदाजपत्रक हवं. गाडी त्यांच्या ताब्यात असताना कलम १५१ प्रमाणे तिची रास्त काळजी घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. "रस्त्यावर लावली होती, बॅटरी चोरीला गेली" एवढं सांगून ते सुटत नाहीत.

सदोष काम झालं तर आधी लेखी नोटीस देऊन दुरुस्तीची संधी द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जा. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दक्षिण आणि मध्य मुंबईचे आयोग परळमध्येच आहेत. जाताना अंदाजपत्रक, बिल, बेंचचे आकडे, जुन्या भागांचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत सोबत न्या. बाटलीच्या परीक्षेचा व्हिडिओ काढला असेल तर तोही जोडा. पंप न उघडता गाडी चालत होती, हे त्यातून दिसतं.